आमचे मेल खातंय कोण?

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी साडेदहाला न्हावाशेव्याच्या एजंटचा फोन आला. "साहेब, बीएलचा ड्राफ्ट परवाच पाठवलाय. आज कट-ऑफ आहे, कन्फर्म करा की!" बीएल म्हणजे बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीची मालाची पावती. मी म्हटलं, आलाच नाही. तो म्हणाला, गेलाय. मोबाइल उघडला तर 'शिपिंग' फोल्डरमध्ये ड्राफ्ट होता, परवा संध्याकाळचा. समोरच्या कॉम्प्युटरवर त्याच फोल्डरपाशी नवीन मेलचा आकडाही दिसत नव्हता.

आमचं केळीचं काम. सावद्याला ऑफिस आणि रावेर रस्त्यावर नानांचं, म्हणजे माझ्या चुलत काकांचं, पॅकहाऊस. आजोबांच्या काळात केळी रेल्वेने दिल्लीला जायची आणि भाव फोनवर कळायचा. आता आखातात माल जातो. केळी कंटेनरमध्ये १३-१४ अंशांवर गपचूप बसते, पण कागद चुकले की बंदरात अडकून पडते. ते सगळे कागद मेलवरून येतात: इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटो सर्टिफिकेट (मालाला कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला), बीएल. त्या दिवशी मोबाइलवरूनच ड्राफ्ट तपासला, खरेदीदाराच्या नावातली एक चूक कळवली आणि वेळ निभावली.

पण हे पहिल्यांदा घडत नव्हतं. महिनाभर काही ना काही चालूच होतं. नवा मेल तासतास यायचा नाही. डिलीट केलेले मेल दुसऱ्या दिवशी परत दिसायचे, आणि एखाद्या मेलवर क्लिक केलं तर आत भलताच मजकूर उघडायचा. शिवाय काही जुने मेल चक्क नाहीसे व्हायचे. मी हे सगळं एकच दुखणं समजत होतो, आणि तिथेच फसलो.

कॉम्प्युटरवर मेल पाहायला आम्ही थंडरबर्ड नावाचा प्रोग्रॅम वापरतो. मेल आमच्या डोमेनचा, एका होस्टिंगवाल्याकडे ठेवलेला. सुरुवातीला मी जे सगळे करतात तेच केलं: मशीन बंद-चालू, राउटर बंद-चालू, ब्रॉडबँड सोडून मोबाइलचा हॉटस्पॉट. मग एका दुपारी, बाहेर पंचेचाळीस अंश आणि कुलर नुसता गरम वारा फेकत असताना, थंडरबर्ड काढून टाकला आणि नव्याने घातला. उघडला तर सगळं जसंच्या तसं, रोगासकट. नंतर समजलं की प्रोग्रॅम काढला तरी त्याचं प्रोफाइल, म्हणजे खाती, सेटिंग आणि उतरवलेले मेल असलेलं फोल्डर, मशीनमध्ये तसंच राहतं. नवीन प्रोग्रॅम येतो आणि जुन्याच खाटेवर बसतो. दुपार वाया.

मग म्हटलं, आधी बॅकअप घेऊ. मदतीच्या मेनूतल्या 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन'मधून प्रोफाइलचं फोल्डर उघडता येतं. ते पेनड्राइव्हवर टाकायला गेलो तर अर्ध्यावर मशीन म्हणालं, फाइल फार मोठी आहे. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा, त्यात जागा भरपूर. गोची अशी की पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा होता आणि त्यावर एक फाइल ४ जीबीच्या वर मावत नाही. आमची इनबॉक्सची एकच फाइल साडेपाच जीबीची. थंडरबर्ड एका फोल्डरचे सगळे मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये ओळीने ठेवतो. डिलीट केलेला मेलही त्यातून लगेच जात नाही, त्यावर नुसती खूण होते आणि 'कॉम्पॅक्ट' केल्यावरच जागा मोकळी होते. आम्ही कॉम्पॅक्ट कधी केलंच नव्हतं. वेबमेलवर, म्हणजे ब्राउझरमधून थेट सर्व्हरवर पाहिलं तर, दोन जीबीही नसलेला इनबॉक्स इथे साडेपाच जीबीचा होऊन बसला होता.

पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून कॉपी घेतली, आणि त्यानंतर एक वही काढली. डाव्या बाजूला वेबमेलवर काय दिसतं, उजव्या बाजूला कॉम्प्युटरवर काय. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. वेबमेल म्हणजे सर्व्हरवरचं मूळ. आमचं खातं आयमॅप पद्धतीचं; तिच्यात मेल सर्व्हरवरच राहतात आणि आपल्या मशीनवर असतो तो उतारा. सातबाऱ्यासारखंच: नोंद तलाठ्याकडे, आपल्या हातात प्रत. प्रत चुकली असेल तर नवीन काढता येते, पण मूळ नोंदच बदलली असेल तर प्रतीशी भांडून उपयोग नाही.

वही चार दिवस लिहिली आणि एकाची तीन दुखणी झाली.

भलताच मजकूर उघडणारे आणि परत उगवणारे मेल वेबमेलवर ठीक होते. म्हणजे बिघाड प्रतीत. प्रत्येक फोल्डरच्या मोठ्या फाइलशेजारी त्याच नावाची, शेवटी डॉट एमएसएफ असलेली एक छोटी फाइल असते. ती अनुक्रमणिका. कुठला मेल कितव्या जागी सुरू होतो, वाचला की नाही, हे तिच्यात. आमच्याकडे मेमध्ये वारा सुटला की बागा आडव्या होतात आणि लाईट जाते, हे ठरलेलं. यूपीएसची बॅटरी कधीच संपलेली, बदलू-बदलू म्हणत राहिलेली. लिहिता लिहिता मशीन बंद पडलं की अनुक्रमणिका एक सांगते आणि पुस्तकात दुसरंच निघतं. उपाय सोपा निघाला. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'रिपेअर फोल्डर'. जुनी प्रत टाकून तो सर्व्हरवरून नवी उतरवतो. इनबॉक्सला रात्र लागली. सकाळी भुतं गेलेली. यूपीएसला बॅटरी त्याच दिवशी टाकली.

उशिरा येणाऱ्या मेलचं कारण थोडं गमतीचं होतं. गेल्या वर्षी मीच वेबमेलवर नियम लावला होता, की शिपिंगवाल्यांचे मेल परस्पर 'शिपिंग' फोल्डरमध्ये जावेत. थंडरबर्ड आपणहून पाहतो तो इनबॉक्स. बाकीच्या फोल्डरना प्रॉपर्टीजमध्ये 'नवीन मेलसाठी हे फोल्डर तपासा' अशी खूण करावी लागते, ती मी केलीच नव्हती. बरं, फोल्डरवर क्लिक करूनही कधीकधी मेल उतरत नव्हते. खाली एक संदेश चमकून जायचा. चार वेळा निसटला, पाचव्यांदा मोबाइलने फोटो काढला. सर्व्हरला एकाच वेळी जेवढी कनेक्शन चालतात त्याहून जास्त झाली असावीत, असा त्याचा अर्थ. थंडरबर्ड एका खात्यासाठी पाच कनेक्शनपर्यंत धरून ठेवतो. माझ्या मशीनची पाच, मुनीमजींच्या मशीनची पाच आणि त्याच वाय-फायवर माझा मोबाइल. होस्टिंगवाल्याला विचारलं तर त्यांची मर्यादा एका आयपीवरून, म्हणजे एका इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून, दहा. अकरावा आला की दार बंद. सर्व्हर सेटिंग्जमध्ये 'ॲडव्हान्स्ड'मध्ये जाऊन दोन्ही मशीनवर पाचाचे दोन केले. तेव्हापासून तो संदेश नाही.

उरलं तिसरं, आणि ते सोपं नव्हतं. जे मेल नाहीसे व्हायचे ते वेबमेलवरूनही गेलेले असायचे. म्हणजे थंडरबर्ड बिचारा खरंच सांगत होता: मुळातच नाही, तर दाखवू काय? जुने मेल आपोआप काढण्याची सेटिंग पाहिली, ती बंद होती. मुनीमजींवर संशय घेतला आणि बोलूनही दाखवला, त्याचं अजून वाईट वाटतं. ते दोन दिवस चहाला आले नाहीत.

वहीने पुन्हा हात दिला. ६ मेचा बँकेचा मेल २० तारखेला गेला, ७ मेचे दोन २१ ला. आणि जायचे ते फक्त इनबॉक्समधले. 'शिपिंग'मधला एकही नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हिशेब मिटवताना मागच्या आर्थिक वर्षाचे सगळे मेल वेगळ्या फोल्डरमध्ये टाकले होते, तेही शाबूत.

होस्टिंगच्या मदतकेंद्राने दोनदा "आमच्याकडून सगळं व्यवस्थित आहे" असं ऐकवलं. तिसऱ्यांदा मी तक्रार केलीच नाही. एवढंच म्हटलं की आमच्या खात्यात मागच्या दोन दिवसांत कोण, कुठून, कुठल्या पोर्टने आलं त्याची यादी द्या. ती अर्ध्या तासात आली. ओळींवर ओळी, सगळ्या ९९३ पोर्टच्या. आयमॅपचं सुरक्षित दार ते. मधेच दर दहा मिनिटांनी एक ओळ ९९५ ची. ९९५ म्हणजे पॉप३. आम्ही तर पॉप वापरतच नाही!

पॉप ही जुनी पद्धत, १९८४ पासूनची. पोस्टाच्या पेटीसारखी: येऊन पेटी उघडायची, टपाल घरी न्यायचं, पेटी रिकामी. एका माणसाचं एकच मशीन असण्याच्या काळात ते बरोबरच होतं. पॉपला इनबॉक्सशिवाय दुसरं फोल्डर दिसतही नाही. हे वाचलं आणि पाठीवर घाम आला. नेमका इनबॉक्सच रिकामा होत होता.

९९५ च्या ओळीपुढचा आयपी ऑफिसचा नव्हता, घरचाही नव्हता. गाडी काढली आणि पॅकहाऊस गाठलं. तिथल्या वाय-फायवर मोबाइलमध्ये आयपी पाहिला. तोच.

आत नवतीच्या, म्हणजे नव्या लागवडीच्या केळीच्या, फण्या पाण्याच्या टाक्यांत तरंगत होत्या, बाया स्टिकर लावत होत्या. कोपऱ्यात टेबलावर, बॉक्सच्या पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यांमागे, आमचाच जुना कॉम्प्युटर. ऑफिसमधून हलवून दोन वर्षं प्लास्टिकखाली पडलेला. एप्रिलच्या मध्यावर लॅपटॉप बिघडला म्हणून पॅकहाऊसमधल्या पोराने तो लेबलं छापायला सुरू केला आणि वाय-फाय जोडलं. मशीन चालू झालं की मेलचा एक जुना प्रोग्रॅम आपोआप उठायचा आणि खाली बारीक होऊन बसायचा. त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. सेटिंग उघडली. 'सर्व्हरवर प्रत ठेवा' अशी खूण, आणि त्याच्या खाली दुसरी: '१४ दिवसांनी काढून टाका'.

नाना मागे उभे होते. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला. "म्हणजे चौदा दिवस ठेवतो आणि मग फेकतो? केळीच झाली की रे भो!"

बरं हे, की चोराने मुद्देमाल जपून ठेवला होता. गेलेले सगळे मेल त्या मशीनवर होते, तीनशेच्या वर. आधी दुसरी खूण काढली, मग वायर. मेलची फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि ऑफिसला येऊन थंडरबर्डच्या 'लोकल फोल्डर्स'च्या जागी ठेवली. थंडरबर्ड पुन्हा सुरू केल्यावर ते फोल्डर डावीकडे दिसायला लागलं. तिथून मेल सर्व्हरवरच्या इनबॉक्समध्ये ओढले. सगळे एकदम ओढले तर मधेच तुटलं, पन्नास-पन्नास नेले तर गेले. हे करताना मुनीमजींना शेजारी बसवलं आणि चहा मीच आणला.

शेवटी होस्टिंगमधून खात्याचं पॉप बंद केलं आणि पासवर्ड बदलला. अजून कुठल्या कोपऱ्यात एखादं यंत्र लावलेलं असेल तर ते आपोआप बाहेर पडावं, हा हिशेब. नवा पासवर्ड चार जणांना दिला: मी, मुनीमजी, नाना आणि माझा मुलगा. एवढेच होतो, अशी माझी समजूत.

रात्री साडेनऊला भरीत-भाकरीचा पहिला घास घेतला आणि फोन वाजला. अमळनेरकडे आमच्यासाठी बागा बघणारा माणूस. "भाऊ, सकायपासून एक बी मेल उना नही!"

मी विचारलं, "तुमच्याकडे आमचा मेल कशाला?"

"तुम्हीच लाई देयेल शे ना मोबाइलमा. तीन वरीस व्हयनात."