मामाने कुठे उभं राहायचं

मंगळवार, रात्री साडेअकरा

मामाचा फोन ठेवून चार तास झाले, तरी डोक्यातून जात नाही. सगळा मिळून सहा मिनिटांचा फोन. त्यातली साडेपाच मिनिटं ऊस, मामीचा गुडघा आणि पाटणला न थांबणारी एसटी. शेवटी शेवटी माझ्या लग्नाबद्दल म्हणाला, "बरं, मग मी कुठं उभं राहायचं गं?"

मला कळलंच नाही. मी म्हटलं, मामा, उभं कशाला राहायचं, बसायला खुर्च्या आहेत, सोफे आहेत. एवढ्या लांबून येणार तू.

"तसं नव्हे," म्हणाला. मग जरा थांबून, "बरं, असू दे." आणि ठेवला.

जेवताना घास हातात होता आणि लख्खकन कळलं. गुरुजी माइकवरून पुकारतात ना, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे." ते विचारत होता तो. मावशीच्या दोन्ही मुलींना त्यानेच गौरीहरापासून बोहल्यापर्यंत आणलं. धाकटीच्या लग्नाचा व्हिडिओ मी कितीदा तरी बघितलाय. कराडचं कार्यालय, त्याचा फेटा सैल होऊन डाव्या डोळ्यावर आलेला, आणि तरी त्याने फेट्याला हात लावला नाही. एक हात तिच्या कोपराखाली, दुसरा तिच्या पाठीशी. अर्ध्या डोळ्याने बघत चालत आला. अंतरपाट दूर होईपर्यंत तिच्यामागे तसाच उभा.

आमच्याकडे अंतरपाट नाही. गुरुजी नाहीत, फादरही नाहीत. हे आम्ही दोघांनी दीड वर्षापूर्वी ठरवलं. माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या घरी कोट्टायमचं चर्च, माझ्या घरी कार्यालय, म्हणून दोन्ही नको. 1954 चा विशेष विवाह कायदा, फोर्टला जुन्या कस्टम हाऊसमध्ये सकाळी नोंदणी, संध्याकाळी लोअर परळला एका पबच्या वरच्या मजल्यावर साठ माणसं. आहेर नाही, रुखवत नाही, पंगत नाही. ज्याला जे खायचं ते खा, नाचायचं तर नाचा, अकराला घरी जा. मला हे मनापासून हवं होतं. आजही हवंय.

नोटीस देऊन एकवीस दिवस झाले. तीस पूर्ण झाले की तारीख मिळेल, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लागलं पाहिजे. कायद्यात बाराव्या कलमात एक वाक्य आहे, तेवढं दोघांनी एकमेकांना म्हणायचं. 'मी तुला माझा कायदेशीर पती म्हणून स्वीकारते.' दोघांना समजेल अशा कुठल्याही भाषेत चालतं. तो मराठीत म्हणणार आहे, डोंबिवलीत वाढलाय. मी मल्याळममध्ये म्हणायचा सराव करतेय. ते वाक्य मला सगळ्या मंगलाष्टकांपेक्षा जवळचं वाटतं, कारण ते आम्ही स्वतः म्हणणार. पण त्या वाक्यात मामा नाही. तिथे क्लार्क नाव पुकारेल आणि मी माझी चालत जाईन.

तीन साक्षीदार लागतात. त्याची बहीण, माझ्या दोन मैत्रिणी. तीन सह्या, आणि एकही मामाची नाही. मुद्दाम नाही केलं. सुचलंच नाही, हे जास्त लागतंय.

आणि खरं सांगायचं तर मला रागही येतोय. वर्षभर मी सगळ्यांची समजूत काढत फिरतेय. आईला हॉलचं, बाबांना पत्रिकेचं, आत्याला जेवणाचं, त्याच्या अम्माला... ते जाऊ दे. मला कुणी विचारलं का, तुला दडपण येतंय का? प्रत्येकाने आपापलं राहिलेलं काहीतरी माझ्या लग्नात आणून ठेवलंय आणि मी एकटी ते उचलतेय. साधं लग्न करायचं म्हटलं तर एवढं ओझं. आता मामापण.

मामापण, असं लिहिलं आणि रडू आलं. त्याने कधीच काही मागितलं नाही. दहावीच्या सुट्टीत मला सायकल शिकवताना स्वतः पडला, हात मोडला, आणि आईला सांगितलं की गोठ्यात पाय घसरला.

बारा वाजून गेले. उद्या ऑफिसची स्टँडअप मीटिंग नऊला आहे.

बुधवार, रात्री

सकाळी आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "त्याला पत्ता पाठवलास का?" म्हटलं, कधीच पाठवला, गेल्या आठवड्यात, लोकेशनसकट. तर लाटणं थांबलं.

"मग त्याला कळलं असेल."

काय कळलं असेल?

"अण्णांची गिरणी आहे ती."

मला माहीत नव्हतं. अण्णा, म्हणजे आईचे वडील, कापडगिरणीत होते हे माहीत होतं, साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते हेही. पण आमच्या घरात कुणी नाव घेत नाही, नुसतं 'गिरणी' म्हणतात. लोअर परळला गिरण्या काय कमी होत्या? मी आईला म्हटलं, मी तुला फोटो दाखवले तेव्हा तू का नाही बोललीस? म्हणाली, "तुला जागा आवडली होती." आणि पुढची पोळी घेतली. संपाच्या वेळी ती आठ वर्षांची होती. तिला भोंगा तेवढा आठवतो, बाकी काही नाही असं म्हणते. काही नाही असं कसं होईल? पण विचारलं नाही.

म्हणजे मामा फोनवर बोलला तेव्हा त्याला ठाऊक होतं. ऊस, गुडघा, एसटी हे सगळं बोलताना ठाऊक होतं. मग 'मी कुठं उभं राहायचं' म्हणजे नक्की कुठे? बोहल्याबद्दल विचारत होता की त्या जागेबद्दल? दिवसभर ऑफिसमध्ये मी हेच करत होते. ते वाक्य एकदा असं वाचायचं, एकदा तसं.

जागा मी निवडली. वीटकाम दिसतं, उंच छत, बीडाचे खांब, करवतीच्या दात्यांसारखं छप्पर. वरच्या काचांतून संध्याकाळचा उजेड कसा येतो ते बघायला आम्ही मुद्दाम सहाला गेलो होतो. जिन्याच्या भिंतीवर ओळीने लाकडी धोटे, मागावर आडवा धागा नेणारे, लावलेत, टोकांना पितळ, आत पिवळे बल्ब. मी त्यातल्या एकावरून बोट फिरवलं होतं. मधोमध एक खोलगट जागा होती, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली, अंगठा बरोबर बसतो तिथे. मला ते सुंदर वाटलं. कुणाच्या अंगठ्याने झालंय हा प्रश्न पडला नाही.

18 जानेवारी 1982, गिरणी संपाचा पहिला दिवस. ही तारीख मला शाळेपासून पाठ आहे. दत्ता सामंत, अडीच लाख कामगार, संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच नाही, हे सगळं माहीत आहे. आणि 83 च्या मे महिन्यात अण्णा डिलाईल रोडची खोली सोडून सगळ्यांना घेऊन गावी गेले, हे घरातलं माहीत आहे. त्यानंतर गावात अण्णांचं जे झालं त्याबद्दल आम्ही बोलत नाही. मामाने आयुष्यात दारूच्या थेंबाला हात लावलेला नाही. का नाही, ते मला ठाऊक आहे. आणि मी त्याला पबमध्ये बोलावलंय. पबच्या मॅनेजरने यादी दिलीय, त्यात पाहुण्यांच्या दारूच्या परवान्याचंही आहे. 1949 च्या दारूबंदी कायद्याने लागतो तो, एका दिवसाचा, पाच रुपयांचा. बियरला वय 21, कडक दारूला 25. साठ नावं मी एक्सेलमध्ये भरत होते आणि मामाच्या नावापुढे आपोआप 'हो' ड्रॅग झालं होतं. ते आज पुसलं.

होणाऱ्या नवऱ्याला सांगितलं संध्याकाळी. म्हणाला, जागा बदलायची का? ॲडव्हान्स गेला तर जाऊ दे. खरंच म्हणाला, लगेच. मला त्याक्षणी तो फार आवडला. पण बदलून काय होईल? मामाला वाटेल त्याच्यामुळे बदलली. त्याला ते सगळ्यात नको असेल.

उद्या फोन करते. साक्षीदार हो म्हणते. एक मैत्रीण समजून घेईल, तिला विचारलंय.

गुरुवार

केला फोन. स्पीकरवर नाही, गॅलरीत जाऊन.

आधी साक्षीचं सांगितलं. मामा, सकाळी सहीला तू पाहिजेस, तीन साक्षीदार लागतात, पहिली सही तुझी. मला वाटलं होतं त्याला भरून येईल. तो शांतपणे म्हणाला, "नको गं. त्या पोरींना सांगितलंयस ना, त्यांनाच करू दे. त्यांचा हिरमोड कशाला?"

मी म्हटलं, मग तू विचारलंस ते? कुठं उभं राहायचं?

"ते मी सहज विचारलं."

सहज नव्हतं मामा.

मग बराच वेळ काहीच नाही. मागे मामीच्या टीव्हीचा आवाज. मग म्हणाला, "मी गेटापर्यंतच जायचो."

दुपारपाळी असली की तो संध्याकाळी डबा घेऊन जायचा. अकरा वर्षांचा होता. डिलाईल रोडवरून चालत, डबा फडक्यात बांधलेला, कालवण सांडू नये म्हणून हात अंगापासून लांब धरून. गेटावर पोरांची रांग लागायची. वॉचमन डबे आत घ्यायचा, पोरांना सोडायचा नाही. आतून साच्यांचा आवाज यायचा, जमीन थरथरायची, पायाला कळायची, म्हणाला. अण्णा घरी सांगायचे, माझे चार साचे उत्तरेच्या काचेखाली, खांबाजवळ, उजेड चांगला येतो. मामा म्हणायचा मला दाखवा. अण्णा म्हणायचे, मोठा झालास की येशीलच.

"मग संपच झाला," म्हणाला.

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काय होतं?

गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत 2012 ला निघाली, तेव्हा मी कॉलेजात होते. मामा अण्णांचे सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आमच्याकडे राहायला आला होता. नंबर लागला नाही, अजून लागलेला नाही. त्या पिशवीत अण्णांचा गेटपास होता. मी तो हातात घेतला होता, फोटो बघितला आणि परत ठेवला. त्यावर गिरणीचं नाव असणारच. मी वाचलं नाही. हे मला आत्ता लिहिताना आठवतंय.

मग त्याने विचारलं, "आत कसं आहे गं?"

आणि मी सांगत सुटले. खांब आहेत, बीडाचे, रंगवलेत पण तेच आहेत. छप्पर तसंच आहे, काचा नवीन. लादी काढून लाकडी केलीय. जिन्यावर धोटे लावलेत. त्याने विचारलं, पितळेचं टोक आहे का? आहे. मधे डोळा आहे का, धागा काढायचा? म्हटलं, बघितलं नाही. म्हणाला, "असणार. अण्णा म्हणायचे, जुनी माणसं तोंडाने ओढून काढायची धागा." काचा कुठल्या बाजूला आहेत विचारलं. मला दिशा सांगता येईना, तर म्हणाला रेल्वे लाईन कुठं आहे ते सांग. सांगितलं. त्याने तिथे पाटणला बसून मनात काहीतरी जुळवलं आणि म्हणाला, "बरोबर."

आवाज बदलला होता त्याचा. मावशीच्या पोरीला बोहल्यावर आणताना असतो तसला.

वेळ किती म्हणाला. साडेसात.

"डब्याची वेळ," म्हणाला. आणि हसला, खरंच हसला. मी पण हसले, नाक पुसत.

मी दोन दिवस धरून बसले होते की मी त्याची जागा काढून घेतली. घेतलीच आहे, बोहल्यामागची जागा नाहीच, आणि ती मी त्याला परत देऊ शकत नाही, सही देऊनही नाही. पण तो येणार आहे, गेटातून आत. मॅनेजरला सांगून ठेवते, दारात यादी घेऊन उभ्या असलेल्या मुलाने त्याला नाव विचारायचं नाही, अडवायचं नाही, एक सेकंदही नाही. ते मी लेखी मागणार आहे. खालपर्यंत मी स्वतः जाईन त्याला आणायला. माझा हात त्याच्या कोपराखाली.

आई विचारत होती काय झालं. सांगितलं. म्हणाली, "मला पण बघायचंय ते." एवढंच. मग निवडायला मेथी घेऊन बसली.

मामाचे प्रश्न संपलेले नाहीत. पांढरा सदरा चालेल की शर्ट-पँट? चपला चालतात का? मामीने उपास धरलाय, तिला काय? आणि शेवटी, जरा हळू आवाजात, "तिथं चहा मिळतो का गं?"

मेनू उघडून बसलेय. बियरची सोळा नावं आहेत, चहा नाही. उद्या मॅनेजरला विचारायचं. नसेल तर घरून थर्मास नेते, मोठा, स्टीलचा. मामा साखर घेत नाही आता.