दोतोर्नच्या वर्गात न वाचलेला परिच्छेद

म्हापशाजवळच्या एका गावात मी गेली एकोणीस वर्षे रविवारची मीस, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर दोतोर्न घेते. आठवडाभर शाळेत मराठी शिकवायचे आणि रविवारी मुलांना कोंकणीतून धर्मशिक्षण द्यायचे, हा क्रम सावंतवाडीहून लग्न होऊन गोव्यात आले तेव्हापासून चालू आहे. अकरा वर्षांपूर्वी कुमसाराच्या, म्हणजे पाद्रींसमोर पापांची कबुली देण्याच्या, धड्याच्या वेळी, कोणती पापे सांगायची याची यादी फळ्यावर लिहून होत असताना, मागच्या बाकावरच्या पंधरा वर्षांच्या एका मुलाने विचारले, "टीचर, मुलगा आवडतो हे कुमसारात सांगायचं का?" वर्गात खसखस पिकली. "ते पाद्रींना विचार," असे म्हणून मी पान उलटले. कन्फर्मेशनचा संस्कार होईपर्यंत तो येत राहिला, नंतर इगर्जेत, म्हणजे चर्चमध्ये, दिसेनासा झाला.

त्या प्रश्नाचे उत्तर माझ्या पाठीमागच्या कपाटात होते. कॅथोलिक चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथाचा २३५७ वा परिच्छेद समलिंगी शरीरसंबंधांना मान्यता देत नाही, हे आमच्या वाड्यावरच्या प्रत्येकाला, तो ग्रंथ कधी न उघडताही, पाठ असते. त्याला लागूनच असलेला २३५८ वा परिच्छेद मात्र सांगतो की, अशा व्यक्तींचा आदराने, करुणेने आणि संवेदनशीलतेने स्वीकार झाला पाहिजे आणि त्यांच्या बाबतीत अन्यायकारक भेदभावाची प्रत्येक खूण टाळली पाहिजे. शिवाय हा ग्रंथ मनाचा कल आणि कृती यांत फरक करतो. कोणी आवडणे हे स्वतः पाप नव्हे. म्हणजे त्या मुलाला मी "नाही" एवढा एकच शब्द सांगायचा होता आणि त्यासाठी मला चर्चच्या शिकवणुकीविरुद्ध बंड करण्याचीही गरज नव्हती. २३५७ मधली भाषा मला बोचते, आणि ती बदलावी असे मला वाटते, हे मी लपवत नाही; पण जे छापलेले आहे तेही आम्ही अर्धेच शिकवत आलो, ही तक्रार आधी माझी माझ्याविरुद्ध आहे.

गेल्या कोरेज्मात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, आम्ही आठ दोतोर्न शिक्षक आणि काही पालक इगर्जेशेजारच्या सभागृहात चार संध्याकाळी या विषयासाठी जमलो. पहिली संध्याकाळ वाया गेली. पडद्यावर एलजीबीटीक्यू ही इंग्रजी आद्याक्षरे झळकली, प्रत्येक अक्षराचा अर्थ सांगण्यात पाऊण तास गेला आणि शेवटी एका आजींनी, "मग यांची लग्नं इगर्जेत लावायची का?" असे विचारताच सगळे एकदम बोलू लागले. दुसऱ्या संध्याकाळी पडदा गुंडाळून ठेवला आणि एका आईला बोलू दिले. मुलीने घरी सांगितल्यावर तिला तीन ठिकाणी प्रार्थनेला आणि एका डॉक्टरांकडे "बरे करायला" नेले, दोन वर्षे ती जेवणाच्या टेबलावर बसली नाही, एवढेच त्या बोलल्या. त्यानंतर, भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलिंगी आकर्षण हा आजार नसल्याचे २०१८ मध्येच जाहीर केले आहे, हे सांगितले तेव्हा लोकांनी ते वहीत उतरून घेतले. पहिल्या दिवशी हीच माहिती पडद्यावर होती आणि ती कोणी वाचली नव्हती.

तिसरी संध्याकाळ बायबलची होती आणि तिथे माझ्यातली मराठीची शिक्षिका आडवी आली. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात फिलिप्प या धर्मप्रचारकाला गाझाच्या रस्त्यावर रथात बसून यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचणारा एक इथियोपी अधिकारी भेटतो. मराठी बायबलमध्ये त्याला "षंढ" म्हटले आहे. तिथे अर्थ खच्ची केलेला पुरुष असा आहे, पण हा शब्द आपल्याकडे शिवी म्हणूनच ऐकू येतो आणि मोठ्याने वाचला की कोणीतरी हसतेच. त्यामुळे कथेचे मर्म कोणाच्याच कानांपर्यंत पोचत नाही. अनुवादाच्या बारकाव्यांवर मला एरवी तासभर बोलता येते, तो मोह इथे आवरते. मर्म असे की, जुन्या करारातल्या व्यवस्थाविवरणाच्या तेविसाव्या अध्यायाने अशा माणसाला मंडळीबाहेर ठेवले होते, यशयाच्या छप्पन्नाव्या अध्यायाने त्याला देवाच्या घरात पुत्र आणि कन्या यांहून श्रेष्ठ नाव देण्याचे वचन दिले, आणि फिलिप्पाने रस्त्याकडेच्या पाण्यात त्याचा तिथल्या तिथे बाप्तिस्मा केला. मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे, असे तो विचारतो. सभागृहात त्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. समलिंगी संबंधांमुळे नाश पावली असे मानले जाते त्या सदोम नगरीविषयीही असेच झाले: त्या नगरीचा अपराध गर्व, अन्नाची सुबत्ता आणि दीनदुबळ्यांकडे फिरवलेली पाठ हा होता, असे यहेज्केलाच्या सोळाव्या अध्यायात लिहिले आहे, हे आमच्यापैकी कोणीही आधी वाचलेले नव्हते.

लोकांना कळेल अशा शब्दांत सांगणे ही गोव्याच्या चर्चसाठी नवी गोष्ट नव्हे. मूळचे इंग्लंडचे मिशनरी फादर टॉमस स्टीफन्स यांनी साष्टीतल्या नवख्रिस्ती लोकांसाठी येशूचे चरित्र मराठी ओव्यांत लिहिले आणि ते १६१६ मध्ये राशोलला छापले गेले. ज्या संस्थेने चारशे वर्षांपूर्वी लोकांच्या कानाला ओळखीचा छंद शोधला, तिला आज "समलिंगी" आणि "पारलिंगी" (ट्रान्सजेंडर) हे दोन शब्द शिवीच्या सुराशिवाय उच्चारायला शिकवणे अशक्य असू नये.

शिकायला वय किंवा पद आड येत नाही, यासाठी मी चौथ्या दिवशी मद्रास उच्च न्यायालयाचे उदाहरण दिले. २०२१ मध्ये घरच्यांपासून पळालेल्या दोन तरुणींचे प्रकरण समोर आले तेव्हा न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी आपल्या मनातले पूर्वग्रह मान्य करून निकालाआधी स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन विषय समजून घेतला. आमच्या विगारांनी, म्हणजे इगर्जेच्या मुख्य पाद्रींनी, त्यावर फक्त मान हलवली. पण निघताना त्यांनी माझ्याकडून तो निकाल मागून घेतला.

चर्चमध्येही अशी वाट आहे, फक्त ती फार लांबची आहे. अमेरिकेत सिस्टर जीनिन ग्रॅमिक यांनी एका फादरांसोबत १९७७ मध्ये न्यू वेज मिनिस्ट्री ही संस्था समलिंगी लोकांविषयी कॅथोलिकांना शिकवण्यासाठी काढली. १९९९ मध्ये व्हॅटिकनने त्या दोघांना हे काम करण्यास कायमची बंदी घातली. आणि १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पोप फ्रान्सिस यांनी याच सिस्टरांना घरी बोलावून भेट दिली. योगायोगाने त्याच दिवशी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना विवाहविधीशी साम्य नसलेला साधा आशीर्वाद देण्याची मुभा पाद्रींना दिली, तर त्याआधी काही आठवड्यांपूर्वी, पारलिंगी व्यक्तीला बाप्तिस्मा घेता येईल आणि काही अटींवर पाद्रिन किंवा माद्रिन (बाप्तिस्म्याच्या वेळचे धर्मपिता किंवा धर्ममाता) होता येईल, असे स्पष्ट केले. आजींच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून "लग्न नाही" एवढेच मला प्रामाणिकपणे सांगता आले. त्यांनी ते ऐकले आणि मग विचारले, "पण लदाईनीला बोलवायला हरकत नाही ना?" गोव्यात लदाईनीला, म्हणजे वाड्यातल्या सामूहिक प्रार्थनेला, न बोलावणे म्हणजे वाड्यातून वगळणेच, त्यामुळे हा प्रश्न मला पहिल्याहून मोठा वाटला.

त्या कोरेज्माआधीच्या नाताळात कुमसाराविषयी विचारणारा तो मुलगा, आता सव्वीस वर्षांचा, बंगळूरहून आला होता. मध्यरात्रीच्या मीसला आई आत बसली होती आणि तो खुर्साजवळ, म्हणजे क्रुसाजवळ, मोटारसायकलला टेकून उभा होता. कोरेज्मात काय करायचे ठरवले आहे, ते मी त्याला सांगितले. २३५८ वा परिच्छेद फोनवर काढून त्याच्या हातात दिला. त्याने तो दोनदा वाचला.

"हे नवीन आहे का, टीचर?"

"नाही. १९९२ पासून आहे."

"म्हणजे मी विचारलं तेव्हाही होतं?"

"होतं," मी म्हणाले.

त्याने फोन परत दिला, आणि आई बाहेर येईपर्यंत आम्ही दोघेही तिथेच उभे होतो.