पळून आलेल्याला परत धाडू नका

ज्यू धर्मात परक्याला मदत करायला सांगितलंय हे बऱ्याच जणांना माहिती असतं, पण ते किती नेमकं सांगितलंय ते बघितलं की मी अजूनही थक्क होते. तोरा म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, त्यातल्या अनुवाद (Deuteronomy) नावाच्या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात नियमच आहे, की मालकाकडून पळून तुमच्याकडे आलेल्या गुलामाला परत त्याच्या हवाली करू नका, त्याला जे गाव आवडेल तिथे तुमच्यात राहू द्या, आणि छळू नका. म्हणजे कुठे राहायचं ते तो ठरवणार! प्राचीन बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यात पळालेला गुलाम घरात लपवणाऱ्याला मृत्युदंड होता, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या नियमाचं मोल कळतं.

आणि मुळात हे दयेवर सोडलेलंच नाही. तुम्हीही मिसरमध्ये, म्हणजे इजिप्तमध्ये, परके होता, परक्याच्या जिवाला काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, हे कारण पुन्हा पुन्हा दिलंय. तालमुद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथात रब्बी (धर्मगुरू) एलिएझर म्हणतात की परक्याशी वाईट वागू नका हे तोरात ३६ वेळा बजावलंय, काहींच्या मते ४६ वेळा. वल्हांडण म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याचा सण, त्या रात्री बेखमीर भाकरी उचलून म्हणतात की ज्याला भूक आहे त्याने यावं, जेवावं, आणि पूर्वज सुटले असं नाही तर मी स्वतः मिसरमधून सुटलो असं प्रत्येकाने मानायचं असतं.

काही परंपरावादी म्हणतात की यातली बरीच वचनं धर्मांतर करून आलेल्यांपुरतीच आहेत, आणि त्याला शास्त्रात आधारही आहे, पण मिसरमधल्या इस्राएलींनी, म्हणजे ज्यूंच्या पूर्वजांनी, काही मिसरी धर्म घेतला नव्हता ना, मग त्यांची आठवण कशासाठी करून दिलीय?

१९३९ मध्ये सेंट लुई जहाज ९३७ प्रवासी घेऊन हॅम्बुर्गहून क्युबाला गेलं, जवळजवळ सगळे नाझींपासून पळणारे ज्यू, हवानात मोजक्यांना उतरू दिलं, मग अमेरिकेच्या किनाऱ्याने इतकं जवळून गेलं की मायामीचे दिवे दिसत होते, तरी कुणी घेतलं नाही आणि जहाज युरोपात परत गेलं. त्यातले २५४ जण पुढे नाझींच्या संहारात मेले.

१९७७ मध्ये एका इस्रायली मालवाहू जहाजाने समुद्रात भरकटलेल्या ६६ व्हिएतनामी लोकांना वर घेतलं, अन्नपाणी संपलेलं, आधी कितीतरी जहाजं बघून न बघितल्यासारखी निघून गेलेली. मेनाकेम बेगिन नुकतेच पंतप्रधान झाले होते, त्यांनी आल्या आल्या या लोकांना देशात घेतलं आणि सेंट लुईचीच आठवण काढली. यातलं कुणी ज्यू नव्हतं. मला हे फार मोठं वाटतं.

म्हणूनच २०१८ चं जास्त लागतं. एरिट्रिया आणि सुदानमधून आलेल्यांना देशाबाहेर काढायचं इस्रायल सरकारने ठरवलं तेव्हा तिथले काही रब्बी त्यांना स्वतःच्या घरात लपवायला तयार झाले, आणि माझ्या मते धर्म त्यांनीच पाळला. एप्रिलमध्ये नेतन्याहूंनी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेबरोबर १६ हजारांवर लोकांना पाश्चात्त्य देशांत पाठवायचा आणि साधारण तेवढ्यांनाच इस्रायलमध्ये राहू द्यायचा करार जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी रद्द केला. जबरदस्तीने हाकलायची योजना बारगळली खरी, पण निर्वासित म्हणून मान्यता अगदी थोड्यांनाच मिळाली, बाकीच्यांना तात्पुरत्या परवान्यांवरच दिवस काढावे लागले.