तुम्ही विचारलंत म्हणून : धाब्यावरचा न दिसणारा उजेड

तोरणमाळच्या पठारावर आकाशदर्शनाला जमलेल्या मंडळींपैकी कोणीतरी दर वेळी विचारतेच : “सर, ध्रुवीय प्रकाश खानदेशातून दिसायचा नाही, मग तो उपग्रहातून, तोही अतिनील किरणांत पाहण्याशी आपला काय संबंध?”

मी त्यांना अमावास्येच्या आकाशासमोर हात धरायला सांगतो. हात आकाशापेक्षा काळा दिसतो, कारण आकाशात उजेड असतो आणि तो सगळाच ताऱ्यांचा नसतो. दिवसा सूर्याने फोडलेले ऑक्सिजनचे रेणू रात्री पुन्हा जुळताना जो मंद प्रकाश सोडतात, त्याचा एक थर सुमारे १०० किलोमीटर उंचीवर अख्ख्या पृथ्वीला वेढून असतो. ध्रुवांकडे वरून इलेक्ट्रॉन आदळतात, म्हणून तिथला उजेड रंगीत आणि भपकेबाज; तोच ध्रुवीय प्रकाश. त्याचेच कौतुक जास्त होते, हा भाग वेगळा.

या उजेडाचा बराच भाग अतिनील आहे. त्यातले अतिलघु तरंगलांबीचे किरण हवेतला ऑक्सिजन वरच्या वर शोषतो, त्यामुळे घराच्या धाब्यावर (म्हणजे गच्चीवर) कितीही मोठी दुर्बीण लावली तरी ते हाती लागत नाहीत. उपग्रहाच्या मात्र हे पथ्यावरच पडते : शहरांचे दिवे आणि चांदण्यातले ढग त्या लांबीत वर पोहोचतच नाहीत, दिसतो तो फक्त वातावरणाचा वरचा थर. त्यासाठी अवाढव्य यान लागतेच असे नाही. मॉस्को विद्यापीठाने २००५ साली सोडलेला अतिनील संवेदक असलेला ‘तातियाना’ उपग्रह ३० किलोंच्या आसपास होता, म्हणजे रावेरच्या केळीचा फार तर दीड घड. अर्थात त्याचा संवेदक जवळच्या अतिनीलातला (दृश्य प्रकाशाला लागून असलेल्या तरंगलांबीचा) असल्यामुळे चंद्रप्रकाशाचा त्रास त्याला होताच.

आता आपला संबंध. १९७२ साली अपोलो १६ च्या अंतराळवीरांनी अमेरिकी शास्त्रज्ञ जॉर्ज कॅरथर्स यांचा अतिनील कॅमेरा चंद्रावर मांडला, तेव्हा पृथ्वीच्या छायाचित्रांत ध्रुवीय प्रकाशाबरोबर चुंबकीय विषुववृत्ताच्या (जिथे पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जमिनीला समांतर असतात) दोन्ही बाजूंचे तेजस्वी पट्टेही उमटले. ते विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते (थुंब्याला १९६३ साली रॉकेटतळ झाला तो त्यामुळेच). दिवसभर तिथून कारंज्यासारखे वर चढलेले विद्युतभारित कण चुंबकीय रेषांवरून उत्तर-दक्षिणेला घसरतात, आणि सूर्यास्तानंतर ऑक्सिजनचे आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) इलेक्ट्रॉनांशी जुळले की १३५.६ नॅनोमीटरचा अतिनील उजेड पडतो. भारतावरचा उत्तर पट्टा साधारणपणे गुजरात-मध्य प्रदेशावरून जातो. खानदेश त्याच्या दक्षिण काठाला. पठारावर शेवभाजी वाढली जात असते त्या आठ-नऊच्या सुमारास तो चांगलाच तेजस्वी असतो आणि मध्यरात्रीनंतर, मंडळी शनीसाठी रांग लावतात तोवर, विझू लागलेला असतो.