व्हेकंट म्हणजे नुसतं रिकामं नाही

इंग्रजीतला व्हेकंट हा शब्द मला मनापासून आवडतो कारण त्यात नुसता रिकामेपणा नाहीये, कुणीतरी यायची जागा आहे. डबा एम्प्टी असतो, तो व्हेकंट कधीच नसतो, पण हॉस्पिटलातला बेड, हॉटेलातली रूम, ऑफिसातली पोस्ट हे सगळं व्हेकंट, म्हणजे माणसासाठीच आहे फक्त आत्ता तिथे कुणी नाही. विमानातल्या टॉयलेटच्या दारावर पण व्हेकंटच लिहिलेलं असतं बघा.

खरा फरक कळतो तो घराच्या बाबतीत. सोफा, पलंग, फ्रीज सगळं जागेवर आहे पण राहायला कुणी नाही तर तो फ्लॅट व्हेकंट, त्याला एम्प्टी म्हणताना जरा अडखळायला होतं. उलट सगळे लग्नाला गेलेत म्हणून घर एम्प्टी असू शकतं, व्हेकंट नाही. फ्लॅटच्या ॲग्रीमेंटमध्ये व्हेकंट पझेशन लिहितात ते यासाठीच, आत भाडेकरू किंवा दुसऱ्या कुणाचा ताबा नको, आणि मुंबईत जुनी जागा घेणाऱ्याने तर हे दोन शब्द नीट बघून घ्यावेतच.

मूळ लॅटिन, व्हॅकारे म्हणजे रिकामं असणं, मोकळं असणं. व्हेकेशन, व्हॅक्यूम त्याच घराण्यातले, आणि कोर्टात स्टे व्हेकेट झाला म्हणतात तोही.

माणसाच्या नजरेलाही व्हेकंट म्हणतात, आपण शून्यात बघणं म्हणतो तेच. आश्वासनं मात्र एम्प्टीच असतात, तिथे व्हेकंट चालत नाही.