सव्हानाचे पाच चौक

अमेरिकेत उत्तर कॅरोलायनातल्या रॅलेहून फ्लोरिडातल्या ओरलँडोला मुलीकडे जाताना आम्ही आजवर एका दमात गाडी हाकत असू आणि पोहोचल्यावर दोन दिवस पाठ धरून बसत असू. गेल्या नोव्हेंबरात मात्र सुमारे पाच तासांच्या अंतरावर, जॉर्जियाच्या किनाऱ्याजवळ असलेल्या सव्हाना शहरी दीड दिवस थांबायचे ठरवले. यांनी सवयीप्रमाणे अर्ध्या-अर्ध्या तासांचे वेळापत्रक तयार केले होते. ते पहिल्याच दुपारी मोडले.

हॉटेलात गाडी ठेवण्याचे भाडे खोलीच्या भाड्याखेरीज, दर रात्रीचे वेगळे असल्याचे तिथे गेल्यावर कळले. आरक्षण करताना मी ती बारीक अक्षरे वाचली नव्हती. चरफडून झाल्यावर दोघांनी मिळून ठरवले की पैसे भरलेच आहेत, तर निघेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. सबंध मुक्कामातला हाच निर्णय सर्वांत उपयोगी ठरला, कारण हे शहर गाडीतून दिसत नाही. जेम्स ओगलथॉर्प या इंग्रज सेनानींनी 1733 मध्ये इथे वसाहत स्थापताना रस्त्यांची आखणीच चौकांभोवती केली. पुढे चोवीस चौक झाले आणि त्यांपैकी बावीस आज शिल्लक आहेत. चौक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सिग्नल आणि हॉर्न येतात. इथला चौक म्हणजे मधोमध झाडीची बाग, जिला प्रत्येक मोटारीने वळसा घालायचा आणि पादचाऱ्याने सरळ मधून जायचे.

नदीकडून बुल स्ट्रीटने फोर्सिथ पार्कपर्यंत जेमतेम मैलभराची वाट आहे. वाटेत पाच चौक लागतात. वेळापत्रकात त्यासाठी चाळीस मिनिटे होती, आम्हाला तीन तास लागले. ओकच्या फांद्यांवरून राखाडी जटा लोंबतात, त्यांना स्पॅनिश मॉस म्हणतात. पण ते शेवाळही नव्हे आणि स्पेनचेही नव्हे, ती अननसाच्या कुळातली वनस्पती आहे, हे कळल्यावर आम्ही मान वर करून बराच वेळ त्या जटाच पाहत राहिलो.

अधिक वेळ गेला तो राइट चौकात. ज्यांच्या संमतीने वसाहत वसली ते इथल्या मूळ रहिवासी यामाक्रॉ जमातीचे प्रमुख टोमोचिची यांना 1739 मध्ये याच चौकात सन्मानाने पुरण्यात आले. पुढे 1883 मध्ये त्याच जागी विल्यम गॉर्डन या रेल्वेच्या अध्यक्षांचे उंच स्मारक उभे राहिले. त्याची खंत वाटलेल्यांमध्ये गॉर्डन यांची सूनही होती आणि तिच्या पुढाकाराने 1899 मध्ये टोमोचिचींच्या नावाने ग्रॅनाइटचा एक मोठा धोंडा चौकाच्या कडेला बसवण्यात आला. मधोमध सासऱ्यांचा स्तंभ आणि बाजूला सुनेने आणवलेला धोंडा! मला तो ओबडधोबड धोंडाच अधिक बोलका वाटला.

पुढच्या चिपेवा चौकात ओगलथॉर्प यांचा 1910 चा पुतळा दक्षिणेकडे तोंड करून उभा आहे, कारण त्या काळी धोका होता तो दक्षिणेच्या, स्पेनच्या ताब्यातल्या फ्लोरिडाचा. "यांनाही ओरलँडोलाच जायचे दिसते," असे म्हणून हे बाकावर बसले ते अर्धा तास उठले नाहीत. वेळापत्रकाचा कागद खिशातच राहिला.

संध्याकाळी रिव्हर स्ट्रीटवर उतरताना जपून जावे. जुन्या दगडी पायऱ्या अतिशय उभ्या आहेत आणि स्वतःच्या जबाबदारीवर उतरा, अशा पाट्याच तिथे लावल्या आहेत. खाली रस्त्यावर जहाजांचा तोल राखण्यासाठी भार म्हणून भरून आणलेले दगड बसवलेले आहेत, त्यांवर माझ्या सपाट चपलांचा काही उपयोग झाला नाही, बूट हवेत. पलीकडच्या बेटावर जाणारी फेरीबोट फुकट असल्यामुळे आम्ही दोन वेळा जाऊन आलो. नदी अरुंद आणि बंदर मोठे, त्यामुळे कंटेनरांनी लादलेले जहाज इमारतींच्या इतक्या जवळून सरकते की क्षणभर गल्लीच चालू लागल्याचा भास होतो.

दुसऱ्या दिवशी कागदाप्रमाणे सकाळी सातला निघायचे होते. अकरा वाजता आम्ही पुन्हा चिपेवा चौकातच बसलो होतो, आणि उशीर होईल असे मुलीला यांनी स्वतःहून फोन करून कळवले.