पाखरं राखायला गेले होते

आठवीत असताना जानेवारी महिन्यात मी सलग अकरा दिवस शाळेत आले नाही. बाराव्या दिवशी भूगोलाच्या सरांनी हजेरी घेता घेता विचारलं, "कुठं होतीस गं?"

"पाखरं राखायला, सर."

त्या दिवसांत निम्म्या वर्गाचं हेच उत्तर असायचं. मालदांडी ज्वारी हुरड्यात आली की घरातलं हाताशी असेल ते माणूस गोफण घेऊन माळ्यावर चढायचं. आमच्या घरात ते माणूस म्हणजे मी. छडी पडणार म्हणून हात पुढं केला, तर सर म्हणाले, "कुठली पाखरं?"

"भोरड्या."

"आणखी?"

"चिमण्या."

"अकरा दिवस माळ्यावर बसलीस आणि दोनच जातीची पाखरं दिसली? राहिलेली उद्या लिहून आण."

अकरा दिवस मी ज्यांच्यावर दगड भिरकावत होते, त्यांच्याकडं दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. यादी सहावर गेली. त्यात कोतवाल होता. सरांनी त्याच्या नावाखाली लाल रेघ ओढली आणि म्हणाले, "हा दाणे खात नाही, किडे खातो. तुझ्याच बाजूचा आहे, त्याला मारू नकोस." भोरड्या मध्य आशियातून येतात आणि तिकडं नाकतोड्यांवर ताव मारतात, हेही त्यांनीच सांगितलं. घरी आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग तिकडंच खायचं की! आमच्याच ज्वारीवर का डोळा?" यावर सरांकडंही उत्तर नव्हतं.

पुढं रविवारी आम्ही चार-पाच जण सरांबरोबर माळावर जायला लागलो. सोलापूरजवळच्या नान्नजच्या बाजूचा तो माळ आम्ही जन्मल्यापासून बघत होतो. आमच्या लेखी तो रिकामा होता, शेळ्या सोडायची जागा. सरांकडं ना दुर्बीण होती, ना आमच्याकडं वही धड. ते फक्त खाली बसायला लावायचे आणि गप्प राहायला सांगायचे. गप्प बसणं आमच्यातल्या दोघांना कधीच जमलं नाही.

एकदा चिमणीएवढं एक पाखरू सरळ वर चढत गेलं, पंख मिटून दगडासारखं खाली आलं, आणि आता आपटणार असं वाटतंय तोवर परत वर. पुन्हा खाली, पुन्हा वर. सर म्हणाले, "डोंबारी चंडोल." कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही, गावात डोंबाऱ्याचा खेळ सगळ्यांनीच बघितला होता. पाखराकडं इतकं बघून नाव ठेवणारा तो कोण असेल, याचं मला अजून कुतूहल आहे. धाविकही तसाच. चार पावलं तुरूतुरू पळणार, थांबणार, वाकून टोच मारणार, परत पळणार. उभा राहिला की मातीत मिसळून जातो, डोळ्यावरची पांढरी-काळी पट्टी तेवढी दिसते.

टिटवीची गोष्ट मात्र सांगायला अजून लाज वाटते. सकाळची शाळा होती, एप्रिल असावा. येताना मला खडकाळ जागेत चार अंडी दिसली. त्यातलं एक मी रुमालात गुंडाळून सरांना दाखवायला आणलं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. सरांनी अंडं हातातही घेतलं नाही. "आत्ताच्या आत्ता ठेवून ये," एवढंच म्हणाले. भर उन्हात परत गेले, तर घरटं सापडेना. घरटं कसलं, चार खड्यांमधली जागा ती. मातकट रंगावर काळे ठिपके असलेली अंडी खड्यांत ओळखू येईनात. शेवटी टिटवीनंच वाट दाखवली. मी लांब गेले की तिचा आवाज उतरायचा, जवळ आले की ती डोक्यावर येऊन किंचाळायची. जिथं ती सगळ्यात जास्त पिसाळली, तिथं पायाशी उरलेली तीन होती.

काही दिवसांनी गेले तर तिथं काहीच नव्हतं. सर म्हणाले, मुंगसानं नेली असतील, किंवा पिलं निघाली असतील. टिटवीची पिलं अंड्यातून निघाल्यावर लगेच चालू लागतात, घरट्यात थांबत नाहीत. मी गेली कित्येक वर्षं पिलं निघाली असंच धरून चालले आहे.

आमच्या भागातली म्हटलं की पुण्यात ऑफिसमध्ये सगळे माळढोकाबद्दल विचारतात. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं, म्हणजे आमच्या लहानपणीच झालेलं. तरी मी माळढोक एकदाच पाहिला. लांब गवतात पांढरं काहीतरी उभं होतं, मला वाटलं कुणाचं धोतर वाळत घातलंय. मग ते चालायला लागलं. बस, तेवढंच. आता तो माळावर दिसणं जवळपास संपलंच आहे. जमिनीवर एकच अंडं घालणाऱ्या पाखराला ऊस, कुत्री आणि विजेच्या तारा एकदम झेपल्या नाहीत. पण अभयारण्याच्या हद्दीत जमिनी आल्या म्हणून आमच्याच घरात त्याला शिव्या बसायच्या, हेही लिहिलं पाहिजे.

सुवर्णमहोत्सवासाठी शाळा रंगवली आहे, ती गेल्या महिन्यात येऊन बघून गेले. छान दिसते. व्हरांड्याच्या भिंतीवर मोर आहे, पोपट आहे आणि का कोण जाणे, एक पेंग्विनही आहे. पाण्याच्या टाकीकडची भिंत अजून कोरी दिसली. तिथं डोंबारी चंडोल काढावा अशी माझी विनंती आहे. नराचं पोट काळं, गाल पांढरट, डोकं राखी. रंगाचा खर्च मी देते. फक्त काढण्याआधी चित्रकारांना एकदा सकाळी माळावर नेऊन बसवा.